पाण्याची वाफ होते तेव्हा

स्थायू सर्वांत जड, द्रव त्याहून हलके आणि वायू सर्वांत हलके, ही उतरंड शाळेतच मनात पक्की बसते. ती ढोबळमानाने बरोबर आहे. पण तिच्यातली दोन अंतरं सारखी नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

लोखंड घ्या. एक घनसेंटिमीटर लोखंडाचं वस्तुमान ७.८७ ग्रॅम. पंधराशे अंशांच्या पुढे नेऊन ते वितळवलं, तरी त्याच्या एक घनसेंटिमीटर रसाचं वस्तुमान सुमारे ७ ग्रॅम भरतं. रस होऊन वाहू लागलेल्या धातूची घनता एवढीशीच घटते! कारण स्थायूत अणू जसे एकमेकांना खेटून असतात, तसेच ते द्रवातही असतात. फक्त जागेवर बांधलेले नसतात, एकमेकांवरून सरकू शकतात.

आता उकळतं पाणी पाहा. १०० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचं वस्तुमान साधारण ९५८ ग्रॅम असतं. त्याच तापमानाच्या एक लिटर वाफेचं, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली, जेमतेम ०.६ ग्रॅम. रेणू तेच, तापमान तेच, आणि घनतेत सुमारे १६०० पटींचा फरक. एवढ्यासाठी रेणू किती लांब जावे लागतात? सरासरी फक्त बारा पट. अंतर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी वाढतं, म्हणून बाराचा तीनदा गुणाकार होतो. मला हा हिशेब फार आवडतो. डोळ्यांना न दिसणारं रेणूंचं अंतर तो साध्या गुणाकारात पकडून देतो.

ही तुलना एकाच पदार्थाच्या अवस्थांची आहे, हे मात्र विसरू नये. पदार्थ बदलले की उतरंड मोडते. पारा द्रव आहे, पण त्याची घनता, म्हणजे एका घनसेंटिमीटरचं वस्तुमान, १३.६ ग्रॅम, त्यावर लोखंडाचा गोळा तरंगतो. लिथियम हा धातू असून त्याची घनता ०.५३, म्हणजे पाण्याच्या जवळपास निम्मी. इथे अणू किती जड आणि किती दाटीने बसलेले, यावर सगळं ठरतं. पाणी तर स्वतःच्याच बाबतीत नियम मोडतं: बर्फात रेणू षटकोनी, पोकळ रचनेत अडकतात, म्हणून बर्फाची घनता ०.९२ आणि तो पाण्यावर तरंगतो.

वायूंची घनता सांगताना तापमान आणि दाबही सांगावा लागतो, कारण रेणूंमधली मोकळी जागा दाबली तर सहज कमी होते. मात्र दोन्ही सारखे ठेवले, तर समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. आमादेओ आव्होगाद्रोने हे १८११ मध्ये मांडलं. मग कोणता वायू जड, हे रेणूच्या वजनावरूनच ठरतं. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान २९. सिलिंडरमधल्या एलपीजीतल्या प्रोपेनचं ४४, ब्युटेनचं ५८. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन, त्याचं १६.

म्हणून एलपीजी गळला तर तो जमिनीलगत साचतो, आणि पाइपचा गॅस छताकडे जातो. गॅसगळती ओळखणारं यंत्र घरी बसवायचं असेल, तर सिलिंडर असलेल्या स्वयंपाकघरात ते खाली, जमिनीजवळ लावावं. पाइपचा गॅस असेल तर वर, छताजवळ.