घरगुती इंटरनेटच्या दराची घासाघीस

घरातील ब्रॉडबँड जोडणीचे शुल्क कमी व्हावे म्हणून ग्राहक सेवापुरवठादाराशी जी बोलणी करतो, तिला सामान्यतः दराची घासाघीस म्हणतात. १९९७ साली स्थापन झालेले भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) ब्रॉडबँडचे दर स्वतः ठरवत नाही. ते काम कंपन्यांवर सोपवलेले आहे. मात्र प्रत्येक प्लॅन प्राधिकरणाला कळवावा लागतो आणि एकाच वर्गातील ग्राहकांत मनमानी भेद करता येत नाही. त्यामुळे कस्टमर केअरचा कर्मचारी जाहीर दर सहसा मोडत नाही. तो स्वस्त प्लॅन, आगाऊ भरणा केल्यास जादा महिने किंवा इन्स्टॉलेशनची माफी देऊ करतो.

स्थानिक केबलवाल्याशी होणारी बोलणी याहून मोकळी असते. अनेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तारा ओढणे, दुरुस्ती आणि वसुली तोच पाहतो, आणि इमारतीतली पाच-सहा घरे एकत्र आली तर तो पुष्कळदा ऐकतो. ग्राहकाचे खरे बळ मात्र जिन्यापर्यंत आलेल्या दुसऱ्या कंपनीच्या तारेत असते. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची व्यावसायिक सेवा ६९९ रुपयांपासून सुरू झाली आणि वर्षभरातच तिचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना मिळू लागला, ही घट स्पर्धेच्या काळातली आहे. ज्या इमारतीत एकच तार पोहोचते, तिथल्या रहिवाशाला हे बळ नसते, आणि ही उणीव त्याच्या बोलण्यातल्या कौशल्याने भरून निघत नाही.

बोलणीपूर्वी आपला वापर तपासणे अधिक फलदायी ठरते. जाहीर दरावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून ९९९ रुपयांचा प्लॅन प्रत्यक्षात सुमारे १,१७९ रुपयांना पडतो. तोच ५९९ रुपयांवर आणला तर करासह दरमहा ४७२ रुपये वाचतात. चित्रपट-मालिकांच्या ॲपची वर्गणी महागड्या प्लॅनमध्ये मिसळलेली असते, आणि ती ॲप घरात कोणी पाहत नसेल तर कपातीची सुरुवात तिथूनच करावी. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याची सवलत आकर्षक असली तरी घर बदलण्याची शक्यता असलेल्या भाडेकरूने ती टाळलेली बरी. ठरलेली सवलत संदेशाने किंवा ईमेलने लेखी घ्यावी. बिलात ती न दिसल्यास तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, कारण कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागताना तो उपयोगी पडतो.