मोटर टेंडरमध्ये की इंजिनात?

रुळावर धावताना दोन्ही मॉडेलं सारखीच दिसतात. मोठी चाकं फिरतात, चाकांना जोडणारे दांडे पुढेमागे होतात, मागून डबे येतात. मग चालू गाडीचं इंजिन दोन बोटांनी थोडं उचलून धरा. एकाची चाकं हवेतही फिरत राहतात, कारण मोटर इंजिनातच आहे. दुसऱ्याची थांबतात आणि मागचं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, मात्र ढकलतच राहतं, कारण मोटर त्यात आहे. लेगोच्या विटांमधून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारखं जुनं वाफेचं इंजिन बांधणार असाल, तर यातलं कोणतं हवं ते पहिली वीट लावायच्या आधी ठरवा. मोटरची जागा नंतर बदलायची तर अख्खा बॉयलर उघडावा लागतो.

आधी टेंडरची पद्धत. टेंडरखाली तयार ट्रेन मोटर बसते, वर बॅटरी. बॅटरीचं वजन थेट मोटरच्या चाकांवर येतं, म्हणून पकड छान मिळते. इंजिन नुसतं ढकललं जातं आणि त्याची चाकं रुळाशी होणाऱ्या घर्षणानं फिरतात. बहुतेक मॉडेलं अडतात ती इथेच. प्लास्टिकच्या रुळावर प्लास्टिकचं चाक, त्याला दांड्यांचं ओझं. एखादा सांधा जरा घट्ट बसला की चाकं फिरायचं सोडून घसरत जातात. चाकाच्या खाचेत रबरी कडं घातलं आणि इंजिनात थोडं वजन भरलं की बराच फरक पडतो.

टेंडरला ताकद देण्याचा विचार खऱ्या रेल्वेतही झाला होता. ब्रिटनच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या आर्चिबाल्ड स्टरॉक यांनी 1860 च्या दशकात टेंडरलाच वेगळे वाफेचे सिलिंडर बसवले होते. तो प्रयोग टिकला नाही. एकाच बॉयलरला दोन ठिकाणी वाफ पुरवावी लागत होती.

दुसऱ्या पद्धतीत मोटर इंजिनाच्या बॉयलरमध्ये आडवी बसते आणि गिअरमधून मोठ्या चाकांचा आस फिरवते. जागेची खरी मारामारी इथे. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटर-संचातली एक्सएल मोटर 5 स्टड (विटेवरचे गोल उंचवटे, लेगोचं माप) रुंद, एल मोटर 3 स्टड. बॉयलर 6 स्टड रुंद असेल तर एक्सएलच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा स्टड उरतो, म्हणजे 4 मिमी. तेवढ्यात गोलाई आणायची! मी अशा वेळी एल मोटरच घेतो.

या पद्धतीत दांडे नुसते शोभेचे राहतीलच असं नाही. मोटर एकच आस फिरवत असेल तर बाकीची चाकं दांड्यांनीच ओढली जातात. त्यासाठी डाव्या आणि उजव्या बाजूला दांडे चाकाला ज्या खिळ्यांवर जोडतात, त्यांच्यामध्ये 90 अंशांचा फरक लागतो. एका बाजूचा दांडा सरळ रेषेत येऊन जोर हरवतो, तेव्हा दुसरी बाजू भर जोरात असते. खऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनातही याच कारणासाठी असंच असतं. लेगोच्या आसाचा छेद अधिकच्या चिन्हासारखा असल्यामुळे चाक त्यावर चारच प्रकारे बसतं आणि हा काटकोन सहज साधतो. मला ही गोष्ट फार आवडते. स्कॉट्समनला मात्र तीन सिलिंडर होते. मधला चौकटीच्या आत असल्यामुळे मॉडेलमध्ये तो सोडून दिला तरी चालतो.

वळणावर दोन्हींचा कस लागतो. लेगोचं नेहमीचं वळण 40 स्टड त्रिज्येचं, म्हणजे अवघं 32 सेंमी. ओळीनं तीन मोठी चाकं असतील तर मधलं बिनकडेचं (रुळाच्या आत उतरणारी कड नसलेलं) घ्यावं, नाहीतर चाकं रुळात अडकतात. टेंडर मागून ढकलत असेल तर पुढची हलकी छोटी चाकं आधी उडतात. इंजिन स्वतः ओढत असेल तर हा त्रास कमी. पण बॅटरी टेंडरमध्येच राहिली, तर तिचं वजन पकडीच्या कामी येत नाही.

वेगाचंही पाहा. 30 नोव्हेंबर 1934 ला स्कॉट्समननं ताशी 100 मैल गाठले, तेव्हा त्याची 2,032 मिमी व्यासाची चाकं सेकंदाला साधारण 7 फेरे घेत होती. 30 मिमीच्या चाकाला तेवढेच फेरे दिले तर मॉडेल सेकंदाला सुमारे 66 सेंमी जातं. त्याहून जास्त पळवलं की दांड्यांची सगळी मजा धूसर होते. इंजिनात मोटर असेल तर गिअर बदलून वेग खाली आणता येतो आणि ओढही वाढते. तयार ट्रेन मोटरमध्ये गिअर आतच बंद असतात, त्यामुळे कंट्रोलर हळू करण्याखेरीज उपाय नाही, आणि फार हळू केलं की जड गाडी जागची हलत नाही.

इंजिन छोटं असेल, बॉयलर बारीक असेल, तर टेंडरच बरं. पण तीन मोठ्या चाकांचं, जवळून बघायचं इंजिन असेल तर मी मोटर इंजिनातच घालीन, कितीही वेळ लागला तरी. फक्त टेंडरमधून येणारी वायर सैल सोडा आणि जोडाच्या बरोबर वरून, मधोमध न्या. ताठ वायर स्प्रिंगसारखी दाबते आणि वळणावर इंजिनाचा मागचा भाग रुळावरून उचलते. चूक मात्र आपण चाकांत शोधत बसतो.