कोल्हापुरातील पर्यावरण श्रमदान

कोल्हापूर शहर व जिल्ह्यात विद्यार्थी, तालमी, तरुण मंडळे, निसर्गप्रेमी संस्था आणि गल्लीतले रहिवासी नदी, तळी, डोंगर आणि झाडे यांच्यासाठी मोबदला न घेता जे काम करतात, त्याला इथे सरसकट 'श्रमदान' म्हणतात. नदीतले केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढणे, विसर्जनाच्या दिवशी घाटावर मूर्ती व निर्माल्य गोळा करणे, होळीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, जमवणे, डोंगरावर रोपे लावून ती वणव्यातून वाचवणे, तळ्यावरचे पक्षी मोजणे, पूर ओसरल्यावर गाळ उपसणे, एवढे सगळे त्यात येते. शब्द एक असला तरी कामे दोन जातीची आहेत. काही एका सकाळीत संपतात, काही वर्षभर पुरतात. पहिल्या जातीच्या कामाला माणूस कमी पडत नाही. दुसऱ्या जातीचे काम मात्र तीच ती दहा-बारा माणसे ओढत असतात.

पाण्याचा नकाशा

इथले बहुतेक श्रमदान पाण्याभोवती फिरते, त्याला कारण शहराचा भूगोल आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. शहराला वळसा घालून ती इचलकरंजीकडे जाते आणि सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. शहरातून तिला येऊन मिळणाऱ्या प्रवाहांत जयंती नाला मोठा. त्याचा उगम कात्यायनीच्या डोंगराकडे आहे. 'नाला म्हणू नका, ती जयंती नदी आहे' असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा जुना आग्रह आहे आणि तो बरोबरही आहे. एकदा नाला म्हटले की त्यात सांडपाणी सोडायला कुणाचा हात अडखळत नाही. शहरातले मैलापाणी शुद्ध करण्यासाठी कसबा बावडा आणि दुधाळी इथे केंद्रे आहेत. बावड्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. नाला अडवून ते पाणी उपसून केंद्राकडे न्यायचे, अशी योजना आहे. उपसा थांबला किंवा पाऊस जोराचा झाला की नाला बंधाऱ्यावरून सरळ नदीत जातो.

खालच्या अंगाच्या गावांना या पाण्याची किंमत मोजावी लागते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी शिरोळ तालुक्याला नवी नाही.

माणसे कुठून येतात

दोन वाटांनी. पहिली महाविद्यालयाची. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'एनएसएस', २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करायचे, असा नियम आहे. शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) पंखाखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, त्यामुळे हिवाळ्यात या भागातल्या कुठल्या ना कुठल्या गावात शिबिर पडलेले असतेच. मुले शाळेच्या खोल्यांत सतरंज्या टाकून झोपतात. सकाळी ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून रचलेला बांध, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावात फेरी. शाळांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा होत गेला आणि पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक पर्यावरण प्रकल्पही आला. झेरॉक्सच्या दुकानात हा प्रकल्प बांधून तयार मिळतो, हे प्राध्यापकांना ठाऊक असते आणि विद्यार्थ्यांनाही.

दुसरी वाट पेठेची, आणि ती खास कोल्हापूरची. इथे प्रत्येक पेठेला तालीम आहे. कुस्ती, फुटबॉल, गणपती, शिवजयंती, पुरात होडी काढणे, मयतीला धावणे ही सगळी कामे त्याच एका ओट्यावरून हलतात. तालमीने एखादे काम मनावर घेतले की निरोप पोचवायला पत्रक लागत नाही. रंकाळा तलावाच्या स्वच्छतेला शिवाजी पेठेतली पोरे येतात ती 'आपला रंकाळा' म्हणून येतात, तिथे प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही. उलट बाजूही आहे. शेजारच्या पेठेने सुरू केलेल्या मोहिमेत आपण कशाला जायचे, ही ईर्ष्या फुटबॉलच्या मैदानावरून घाटापर्यंत येते.

केंदाळ

जलपर्णी हा शब्द वर्तमानपत्रात. नदीकाठी तिला केंदाळ म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरते. सांडपाण्यातला व शेतातून वाहून आलेल्या खतांतला नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. उन्हाळ्यात बंधाऱ्यांत पाणी तुंबले की पात्र हिरवेगार दिसते. बाहेरगावच्या पाहुण्याला ते रम्यही वाटते. खाली मात्र ऊन पोचत नाही, कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि मासे तोंड वर काढून तडफडू लागतात.

ते काढणे हे इथले सर्वांत अंगमोडीचे श्रमदान. दोघे-तिघे कमरेइतक्या पाण्यात उतरतात, लांब दोर आडवा टाकून केंदाळाचा तुकडा अलग करतात आणि काठावरची पोरे तो दोर ओढतात. काठाला लागलेला ढीग दाताळ्याने, नाहीतर हातानेच वर घ्यायचा. नव्या मुलांची चूक ठरलेली असते. ती ओले केंदाळ लगेच ट्रॉलीत भरायला धावतात. त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे चार बुट्ट्यांत कंबर मोडते. जुनी माणसे ते काठावर पसरून दिवसभर वाळू देतात आणि मग भरतात. काठावरच कुजत सोडले तर त्यातले खाद्य पुन्हा नदीत उतरते आणि पहिल्या पाण्याला उरलेली मुळेही वाहून जातात. शिवाय बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून वर सांडपाणी चालू असताना खाली केंदाळ काढणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. हे सगळ्यांना कळते, तरी एप्रिल आला की लोक पाण्यात उतरतात, कारण मासे मरताना बघवत नाहीत.

मूर्तिदान

गणेशोत्सवातला मूर्ती व निर्माल्य दानाचा उपक्रम हे कोल्हापूरच्या श्रमदानाचे सर्वांत ठळक रूप. विसर्जित मूर्ती दान करण्याची मोहीम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवली. पुढे त्यात महाविद्यालये, महापालिका आणि निसर्गसंस्था आल्या, आणि जिल्हा परिषदेने ती गावोगावी नेली. कोल्हापुरात घरगुती गणपती गौरींबरोबर जातात, त्यामुळे एकाच दुपारी हजारो कुटुंबे पाण्याकडे निघतात. नदीऐवजी पाण्याने भरलेल्या काहिली मांडलेल्या असतात. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस उकळायची भली मोठी कढई. गुळाच्या जिल्ह्याला ती कुठून आणायची हा प्रश्न पडला नाही.

घाटाच्या पायरीवर घोषणांपेक्षा बोलणे जास्त चालते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एखादी मुलगी म्हणत असते, "काकी, हार-फुलं इकडं द्या, मूर्ती तीनदा बुडवून टेबलावर ठेवा." काकी मूर्ती छातीशी धरूनच विचारतात, "पर परत इकणार न्हाईसा न्हवं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. 'दान' म्हटले की देव दुसऱ्याच्या हवाली केला, असे म्हाताऱ्या माणसांना वाटते. मूर्ती पुढे इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीत, विधिवत विसर्जित होणार आहे, हे सांगितले की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. काही संघटनांचा मूर्तिदानाला धर्माच्या नावाने विरोध आहे, आणि घाटावर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते शेजारी शेजारी उभे राहिल्याचेही शहराने पाहिले आहे.

निर्माल्याचे काम कमी दिसते, पण कष्टाचे तेच. दूर्वा, पत्री, फुले वेगळी करून खताला जातात. त्याआधी हारातली तार, दोरा, जरीचे तुकडे, थर्माकोल, कापराच्या डब्या आणि गाठ मारलेल्या प्लास्टिक पिशव्या निवडून काढाव्या लागतात. पिशवीची गाठ सोडणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे असे ही मुले म्हणतात, आणि ते अतिशयोक्तीने म्हणत नाहीत.

शेणी

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी लाकडाबरोबर शेणी वापरल्या जातात. यावरून होळीची एक प्रथा उभी राहिली: होळी लहान करा, शेणी दान करा. मंडळे, शाळा, घरगुती माणसे होळीच्या आधी पोती भरून शेणी स्मशानभूमीत पोचवतात. झाड वाचते, होळीचा धूर कमी होतो आणि गरिबाच्या घरच्या मयतीचा खर्च वाचतो. पर्यावरणाचा म्हणून सुरू केलेला उपक्रम लोकांनी पुण्याचा म्हणून उचलला. तो टिकण्याचे कारण बहुधा हेच असावे.

डोंगर आणि झाडे

जागतिक पर्यावरण दिनापासून श्रावणापर्यंत वृक्षारोपणाचा हंगाम असतो. त्यातला फोटो काढण्याचा भाग सर्वांना परिचित आहे, त्यावर शब्द खर्च करायला नको. खरे काम दिवाळीनंतर सुरू होते. जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या उतारांवर गवत वाळते. जाळले की पुढच्या साली गवत चांगले येते, या समजुतीने किंवा नुसत्या बिडीने वणवा लागतो आणि तीन वर्षे जपलेली रोपे अर्ध्या तासात जातात. म्हणून रोपांभोवती गवत कापून जाळरेषा काढणे आणि फेब्रुवारी ते मे पाण्याचे कॅन डोंगरावर चढवणे, एवढ्यावरच झाड जगते की नाही ते ठरते. करंज, जांभूळ, उंबर, वड ही इथली झाडे लावावीत असे जाणकार सांगतात. बीजगोळे फेकणे सोपे आहे, म्हणून लोकप्रिय आहे.

एका ठिकाणी मात्र झाड न लावणे हेच श्रमदान ठरते. मसाई पठारासारख्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा थर पातळ असतो आणि पावसाळ्यात तिथे रानफुलांचे स्वतंत्र जग उमलते. 'उजाड माळ हिरवा करू' म्हणत तिथे खड्डे काढले तर ते जगच उखडते. तिथे स्वयंसेवकांनी करायचे ते पर्यटकांना पायवाटेवर ठेवणे आणि बाटल्या उचलणे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून ते घोषित झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांच्या नोंदी करणे हे इथले मानाचे काम. जागा कमी आणि इच्छुक फार. कळंबा, राजाराम आणि रंकाळा या तलावांवर थंडीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. तिथे पहाटे सहाला उठून चांदवे म्हणजेच वारकरी, पाणकावळे आणि जांभळ्या पाणकोंबड्या मोजायला चार-सहा जणच येतात. पाण्याचे नमुने घेऊन प्राणवायू तपासणाऱ्या विद्यार्थ्यांचीही गत तीच. पण तक्रार अर्जाला जोडायला उपयोगी पडतात ती याच मुलांची वहीतली आकड्यांची पाने.

पूर

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेले की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते ५५ फुटांच्या पुढे गेले. दोन्ही वेळा आधी व्हाईट आर्मीसारखी बचाव पथके, तालमींची पोरे आणि नावाडी बाहेर पडले. पाणी उतरल्यावर झाडू, खोरी आणि घमेली घेऊन विद्यार्थी आले. घरातला गाळ पहिल्या दोन दिवसांत काढला तर खोऱ्याने निघतो, नंतर त्याला टिकाव लागतो, हे त्या वेळी शहराने शिकून घेतले. महिन्याभराने लोक नदीकाठी गेले तेव्हा बाभळींच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, प्लास्टिक पिशव्यांची सरळ रेषा लटकत होती. नदीने आणलेला कचरा तिने बरोबर पाण्याच्या उंचीवर टांगून ठेवला होता. खालच्या फांद्यांवरचा आकड्या लावलेल्या बांबूने काढता आला. वरचा उन्हाने फाटत, वाऱ्याने खाली येत पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला.