अंग घासण्याच्या साधनांची पार्श्वभूमी : वज्री, गिलके आणि नायलॉनची जाळी

नाशिकच्या मेन रोडवरील प्रसाधनांच्या दुकानात आज ‘लूफा’ मागितला, तर दुकानदार प्लास्टिकच्या रंगीत जाळीचा गोंडा पुढे करतो. ‘लूफा’ हा शब्द अरबीतून आलेला असून तो मुळात एका वेलीचे नाव आहे. त्या वेलीचे फळ इथल्या भाजीबाजारात गिलके म्हणून आणि पुण्या-कोकणाकडे घोसाळे म्हणून विकले जाते, हे मात्र गोंडा घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. नाव वेलीचे आणि वस्तू प्लास्टिकची, अशी ही अदलाबदल आहे. कोणत्या त्वचेला काय मानवते याचा आज उडालेला गोंधळ बराचसा तिच्यातूनच आला आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे हा विचार साधनापासून सुरू झाला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अंग चोळण्याच्या क्रियांना उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण अशी निरनिराळी नावे आहेत. टीकाकार डल्हण त्यांतला भेद उलगडताना सांगतो की, स्निग्ध कल्काने (म्हणजे औषधी वाटून केलेल्या लगद्याने) चोळणे ते उत्सादन आणि तेलाविना कोरड्या चूर्णाने घासणे ते उद्घर्षण. विटेने अंग घासण्याचाही तिथे उल्लेख आहे, पण तो खाजेसारख्या तक्रारीवरचा उपाय म्हणून, रोजच्या अंघोळीचा भाग म्हणून नव्हे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे हा क्रम याच समजुतीला धरून आहे. दिवाळीनंतर निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि हवा कोरडी पडते. अशा दिवसांत तेल जिरलेल्या अंगावर नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांचे भरड चूर्ण फिरले, तर मळ निघतो आणि कातडी सोलवटत नाही.

पायांची गोष्ट वेगळी होती, कारण टाचेची कातडी जाड असते आणि तिला भेगा पडतात. त्यासाठी वज्री, म्हणजे टाचा घासायची खरबरीत घासणी, होती. सातवाहनकालीन दख्खनच्या अनेक स्थळांवर भाजक्या मातीच्या खरबरीत वज्री सापडल्या आहेत. खुद्द नाशिकची वस्ती तितकी जुनी असल्याचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जुन्या नाशकातील मातीच्या गढीवर केलेल्या उत्खननाने दाखवून दिले. पुढे वज्री पितळेची झाली. तांब्यापितळेसाठी नावाजलेल्या या शहरात, भांडी बाजारातील जुन्या मोडीत, अशी वज्री अजून एखादे वेळी हाती लागते : मुठीच्या जागी पोपट किंवा मोर, तळाला आडव्याउभ्या रेघांची नक्षी, आणि पोकळ पोटात खडे असल्याने घासताना होणारा खुळखुळ आवाज. ज्या घरी ती नव्हती, तिथे न्हाणीच्या कोपऱ्यात भोकाभोकांचा काळा दगड असे. सह्याद्रीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून तो तसा झालेला असतो, आणि द्राक्षबागेतून किंवा कांद्याच्या वावरातून आलेल्या पायांना तो अजूनही पुरतो.

गिलक्याची जाळी उटणे आणि वज्री या दोहोंच्या मधली. बियाण्यासाठी वेलावर राखलेले गिलके वाळून तपकिरी होते आणि हलवले की आत बिया वाजतात. टोकाची टोपी काढली की काळ्या बिया भराभर गळतात, आणि साल सोलल्यावर उरते ती तंतूंची घट्ट वीण. कोरडी असताना ती बोचते, पण पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की नरमते. म्हणजे एकाच वस्तूचा खरखरीतपणा भिजवण्यावर कमीजास्त करता येतो, आणि ही सोय नायलॉनमध्ये नाही.

घासणीची निराळी गरज खरी वाढवली ती साबणाने. डाळीचे पीठ किंवा उटणे हे मळ धुणारे आणि घासणारे असे दोन्ही होते. साबण फेस देतो, पण घासत नाही. भूमध्य सागराकाठी हे काम समुद्री स्पंज करत असे. तो वनस्पती नसून प्राणी आहे, आणि ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरील पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या तो काढत आले. १९३८-३९ च्या सुमारास बहामा आणि फ्लोरिडाकडील स्पंजांवर रोग पडून तिथला धंदा कोलमडला. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले, ज्याच्यापासून पुढे स्वस्त फोमचे स्पंज झाले. आणि १९३८ मध्ये डुकराच्या केसांऐवजी नायलॉनचे केस दात घासण्याच्या ब्रशात आले.

नायलॉन झिजत नाही आणि नरमतही नाही, त्यामुळे झीज होते ती कातडीची. १९८० च्या दशकात जपानमधील त्वचारोगतज्ज्ञांनी नायलॉनच्या टॉवेलने रोज अंग घासणाऱ्यांच्या गळ्याखालील हाडावर, पाठीवर आणि हातांवर काळपट डाग नोंदवले. आपल्याकडेही असे रुग्ण दिसतात, आणि विपर्यास असा की डाग मळाचे समजून ते अधिक जोराने घासतात. पाठीवर मुरुम असतील किंवा इसब असेल, तर ब्रश आणि जाळी दोन्ही बाजूला ठेवावीत. तान्ह्या बाळाला आणि वृद्धांच्या पातळ कातडीला मऊ सुती पंचाच बरा. लांब दांड्याचा ब्रश हात न पोहोचणाऱ्या पाठीसाठी उपयोगी आहे, पण केस बोटाने दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

नैसर्गिक म्हणून गिलक्याची जाळी निर्धोक ठरते असेही नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी ओल्या लूफ्यात स्यूडोमोनास जिवाणू वाढतात आणि त्यातून केसांच्या मुळाशी पुळ्या येऊ शकतात, हे दाखवले. जुन्या घरांत ती जाळी न्हाणीच्या आत नव्हे, तर मागच्या दारी उन्हात खुंटीला टांगलेली असे. आणि पुढच्या वेलावरचे गिलके वाळले की जुनी चुलीत जाई.