आकाशाची निळाई आणि धुळीचा गैरसमज

आकाश निळे दिसते ते हवेतल्या धुळीमुळे, असे उत्तर आजही कानावर येते. ते चूक आहे, पण एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञही हवेतल्या परक्या कणांकडेच बोट दाखवत होते.

१८६९च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी काचेच्या नळीत वाफ भरून तिच्यातून प्रखर झोत सोडला. अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागले की झोत निळा दिसे. कण मोठे झाले की पांढुरका होई. १८७१मध्ये जॉन स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनी त्याचे गणित मांडले. कण तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल, तर विकिरण (प्रकाशाचे विखुरणे) तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. निळ्याची तरंगलांबी तांबड्याहून कमी, त्यामुळे निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. (जांभळा त्याहूनही जास्त, पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपल्या डोळ्यांना कमी जाणवतो.)

पण हे कण कसले? हवेचे रेणूच हे काम करत असतील का, असे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७३मध्ये रॅले यांना पत्रातून विचारले. रॅले यांचे उत्तर यायला १८९९ उजाडले. त्या निबंधात एक निरीक्षण दार्जिलिंग परिसरातले आहे: तिथून सुमारे शंभर मैलांवरचे एव्हरेस्ट बऱ्यापैकी उजळ दिसते. एवढ्या हवेतून प्रकाश किती घटतो, ते त्यांनी रेणूंच्या हिशेबाशी ताडून पाहिले. परके कण नसले तरी आकाश निळेच दिसेल, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. या सगळ्या इतिहासात मला हीच जागा सर्वांत विलक्षण वाटते.

धूळ तर निळाई मारतेच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचे आकाश फिकट असते. पावसाने हवा धुऊन निघाली की ऑक्टोबरात तेच गडद होते.

समुद्राचा गडद निळा रंग मात्र आकाशाच्या प्रतिबिंबाचा, असे रॅले मानत. १९२१मध्ये युरोपहून परतताना सी. व्ही. रामन यांनी 'नारकुंडा' बोटीवरून निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. पृष्ठभागावरचे परावर्तन वगळले, तरी निळाई उरलीच. उलट ती अधिक खुलली. 'नेचर'ला पाठवलेल्या त्यांच्या टिपणावर ठिकाण आहे मुंबई बंदर. पाण्याच्या रंगात तांबडा प्रकाश शोषला जाण्याचा वाटा मोठा असल्याचे आज आपल्याला ठाऊक आहे. पण विकिरणाचा हा पाठपुरावा रामन यांनी सोडला नाही आणि त्यातूनच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन परिणाम (रेणूंवरून विखुरताना काही प्रकाशाची तरंगलांबीच बदलणे) हाती आला.