कॅमशाफ्ट बदलण्याआधी हे वाचा: रोज रस्त्यावर पळणाऱ्या गाडीसाठी कॅम निवडताना

कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट, हा इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा. ‘तुमच्याकडं मोठ्यात मोठा कॅम कुठला आहे?’ असं विचारत आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही आधी चहा पाजतो आणि मग हातात एक कोरी चिठ्ठी देतो. पंधरा दिवस ती डॅशबोर्डवर ठेवा. कामाला जाताना, घाट चढताना, रविवारी पहाटे पन्हाळ्याला जाताना आरपीएमची (मिनिटाला इंजिनाचे किती फेरे होतात त्याची) सुई कुठून कुठपर्यंत फिरते, ते तिच्यावर लिहा. चिठ्ठी परत येते तेव्हा बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. सुई बहुतेक वेळ १८०० ते ४००० मध्येच असते आणि सहा हजारांच्या वर आठवड्यात जेमतेम चार-पाच मिनिटं जाते. त्या पाच मिनिटांसाठी बाकीचा आठवडा खराब करायचा का, हे आधी ठरवा.

आमच्याकडे या कामासाठी सगळ्यात जास्त येते ती २००३ पर्यंत विकली गेलेली जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण कंपनीतूनच १०६ बीएचपी ताकदीची, त्यामुळे तिचे मालक तिला स्पोर्ट्स कारच समजतात. आम्हीही समजतो. म्हणून पुढची उदाहरणं तिचीच आहेत.

पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा आणि कधी मिटायचा, हे कॅमवरच्या उंचवट्याचा आकार ठरवतो. मोठा कॅम इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा ठेवतो. जोतिबाच्या यात्रेतली एसटी डोळ्यांसमोर आणा. दार जास्त वेळ उघडं ठेवलं आणि मागून रेटा असला, तर चार माणसं जादा आत येतात. रेटा नसेल तर आत बसलेलाच एखादा तंबाखू घ्यायला खाली उतरतो. सहा हजारांवर हवेच्या वेगाचा रेटा असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी हवा आत शिरत राहते. दोन हजारांवर रेटा नसतो, तिथं तोच पिस्टन आत आलेली हवा मागं ढकलतो. गिऱ्हाईक मग म्हणतं, ‘खालचा पिकअप मेला.’

हिशेब करून बघा. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमनं गुणा आणि ७१२१ नं भागा, म्हणजे बीएचपी निघते. समजा, ३००० वर ११५ न्यूटन-मीटर होते ते मोठ्या कॅममुळे १०० झाले. ४८ ची ४२ बीएचपी झाली. ६८०० वर १११ चे १२० झाले, म्हणजे १०६ ची साधारण साडेएकशे चौदा. वर साडेआठ कमावले, खाली सहा घालवले. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण ट्रकला ओव्हरटेक करायची वेळ तीन हजारांवरच येते.

होंडानं हाच तिढा सोडवायला व्हीटेक आणलं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकला तीन उंचवटे असतात. बाजूचे दोन खालच्या आरपीएमसाठी, मधला वरच्यासाठी. ऑइलच्या दाबानं रॉकरमधली (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीतली) पिन सरकते आणि मधला उंचवटा कामाला लागतो. म्हणून सिटीला आमचा सल्ला ठरलेला आहे: बाजूच्या उंचवट्यांना हात लावू नका, मधला थोडा वाढवा. ज्या गाड्यांत एकच उंचवटा आहे, तिथं हात आणखी आखडता घ्यावा लागतो.

कॅमबरोबर एक कार्ड येतं. त्यावरचे अंश, म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते, वाचताना फसगत होते. कुणी व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, कुणी १ मिलिमीटर उचलल्यापासून, तर अमेरिकी कंपन्या ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटरपासून. एकाच कॅमचे अंश पहिल्या पद्धतीनं २६५ आणि तिसऱ्या पद्धतीनं २२० च्या घरात येऊ शकतात. दोन कार्डं शेजारी ठेवताना मोजायची पद्धत एकच आहे ना, ते पाहा. पहिल्या पद्धतीनं २५६ ते २६४ अंशांचा कॅम सोळा व्हॉल्व्हच्या रोजच्या गाडीला बहुधा पुरतो.

अंशांइतकाच महत्त्वाचा असतो ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ. इनटेक-एक्झॉस्टच्या अंशांची सरासरी घ्या आणि लोब सेंटरच्या (इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांच्या मध्यांमधल्या) अंतराची दुप्पट वजा करा. २६० आणि ११० असेल तर ओव्हरलॅप ४० अंश. २८४ आणि १०६ असेल तर ७२. ७२ चा आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा) ‘धडधड-धडधड’ आवाज मोबाईलवर फार छान वाटतो. सिग्नलला एसी लावून उभे राहिलात की कळतं.

हे आम्ही स्वतःच्या गाडीवर शिकलो. सुरुवातीच्या काळात आमच्याच सिटीत हौसेनं असा कॅम बसवला होता. शिरोली नाक्याच्या गर्दीत आयडलिंगवर सरकत असताना तीन-चार वेळा ब्रेक दाबला आणि पेडल एकदम दगडासारखं लागलं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इनटेकच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालतो आणि ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगचा व्हॅक्यूम पडतो. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथं व्हॅक्यूम गेज मुळातच पाऱ्याचे दीड-दोन इंच कमी दाखवतं. पुढच्या रिक्षापासून टीचभर अंतरावर गाडी थांबली. तो कॅम आता आमच्या टेबलावर पेपरवेट आहे.

व्हॅक्यूम पडल्याचा आणखी एक परिणाम होतो. सिटीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इनटेकमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो. दाब वाढलेला दिसला की त्याला वाटतं गाडीवर लोड आहे, आणि तो पेट्रोल ओततो. प्लग काळे पडतात, पीयूसीला हायड्रोकार्बन वाढलेला दिसतो. म्हणून ईसीयू नव्यानं ट्यून केल्याशिवाय आम्ही कॅम बसवत नाही. ट्यूनिंग तुम्ही रोज भरता त्याच पेट्रोलवर करायचं. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलमुळे इंधनाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ईसीयूतले जुने मॅप जसेच्या तसे चालत नाहीत.

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, बसवायच्या आधी आमच्या टेबलावर लहान मुलांची खेळायची माती दिसली तर हसू नका. पिस्टनच्या डोक्यावर तिची पातळ वडी थापतो, वर तेलाचं बोट फिरवतो, हेड जुन्या गॅस्केटवर आवळतो आणि क्रँक हातानं दोन फेरे फिरवतो. हेड उचललं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा असतो. तो ब्लेडनं कापायचा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरनं मोजायची. गॅस्केटच्या जाडीतला फरक धरून इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतो. कमी भरली तर त्या दिवशी काम थांबतं, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. स्प्रिंगचंही तसंच. पूर्ण उचललेल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटता कामा नयेत.

जुनाच कॅम ग्राइंड करून (घासून नवा आकार देऊन) घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. स्वस्त पडतो, आणि चांगल्या ग्राइंडरकडे होतोही. पण बरेचसे कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे असतात. इथून जवळच सोलापूरला तसे कॅम ओतले जातात आणि परदेशी गाड्यांतही बसतात. ओतताना उंचवट्याचा वरचा थर कडक होतो, आतलं लोखंड त्यामानानं मऊ राहतं. जास्त घासलं की कडक थर निघून जातो. बसवताना आरशासारखा चमकणारा कॅम काही आठवड्यांत झिजतो आणि त्याचा चुरा ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचतो.

फिटिंगला आम्ही क्रँकचे अंश मोजायची डिग्री चक्ती आणि व्हॉल्व्हची उचल मोजायचं डायल गेज लावतोच, नुसत्या खुणेवर विसंबत नाही. कॅमच्या पुलीला ३८ दाते असतील, तर बेल्ट एक दाता सरकला की क्रँकचे जवळपास १९ अंश चुकतात. ॲडजस्टेबल पुली असेल तर कॅम दोन-चार अंश पुढे घेऊन खालचा ओढा थोडा परत मिळवता येतो.

एअर इनटेक, एक्झॉस्ट आणि टायर अजून कंपनीचेच असतील, तर कॅमचे पैसे आधी तिकडे लावा. हे सांगून आमचं काम कमी होतं, तरी सांगतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, तेव्हा आरटीओत चौकशी करून मग या.

नवा कॅम बसल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन आम्हीच २००० ते २५०० वर चालवतो. त्या वेळी ‘जरा आयडलिंगचा आवाज ऐकवा’ म्हणू नका. उंचवट्यांवर ऑइल नीट पसरायच्या आत आयडलिंगला सोडलं, तर तिथंच ओरखडे पडतात. ५०० किलोमीटरनंतर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावरच तपासायचे असतात. या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही, ऑइल आणि फिल्टरचे तेवढे द्यावे लागतील.