बिमोटा

बिमोटा : इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरील रिमिनी शहरात हाताने जुळवून, अगदी मोजक्या संख्येने वेगवान मोटरसायकली बनवणारी कंपनी. व्हालेरिओ बियांकी, ज्युसेप्पे मोर्री आणि मास्सिमो तांबुरिनी या तिघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. १९६६ मध्ये कारखाना उघडला तेव्हा तिथे इमारती उबदार व हवेशीर ठेवणाऱ्या यंत्रणांची कामे चालत. मोटरसायकल कंपनी म्हणून तिचे जन्मवर्ष १९७३ धरतात.

इंजिन दुसऱ्याचे आणि बाकी गाडी आपली, हा बिमोटाचा पाया. या कंपनीची सगळी भरभराट आणि सगळी संकटे याच एका गोष्टीतून उगवली, असे तिचा इतिहास वाचताना वाटते.

१९७२ मध्ये तांबुरिनी आपली होंडा सीबी७५० घेऊन रिमिनीजवळच्या मिसानो ट्रॅकवर उतरले आणि पडले. बरगड्या मोडल्या. दुखणे बरे होईतो त्या गाडीच्या इंजिनासाठी नवी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कशी असावी याचा आराखडा त्यांनी तयार केला. त्या काळच्या जपानी गाड्यांचे दुखणेही नेमके चासीचेच होते. चार सिलिंडरांचे इंजिन दमदार आणि भरवशाचे, पण वेगात वळण घेताना नळ्यांची चासी लवचे, गाडी डुलू लागे. तांबुरिनींच्या नव्या चासीवर उभी राहिलेली गाडी म्हणजे एचबी१. अशा जेमतेम दहा बनल्या.

मॉडेलांच्या नावांची हीच रीत पुढेही टिकली. पहिले अक्षर इंजिन देणाऱ्या कंपनीचे, दुसरे बिमोटाचे, मग त्या जोडीचा क्रमांक. एसबी म्हणजे सुझुकी, वायबी म्हणजे यामाहा, केबी म्हणजे कावासाकी, डीबी म्हणजे डुकाटी. नावावरून नजर फिरवली तरी कोणत्या काळात कोणाचे इंजिन चांगले मानले जात होते ते समजते.

१९७७ ची एसबी२ ही बिमोटाची खरी ओळख करून देणारी गाडी. सुझुकी जीएस७५० चे इंजिन घेऊन तिची चासी दोन भागांत बनवली होती. हे भाग शंकूच्या आकाराच्या सांध्यांनी एकमेकांना जोडलेले असत आणि इंजिन काढायचे तर वेगळे करता येत. मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याची, म्हणजे स्विंगआर्मची, बिजागरी चेन ओढणाऱ्या पुढच्या दातेरी चाकाच्या (स्प्रॉकेटच्या) अक्षाशी एका रेषेत आणल्यामुळे मागचे चाक वरखाली झाले तरी चेनचा ताण बदलत नसे. मागे दोनऐवजी एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर होता. १९७८ च्या केबी१ मध्ये हीच विचारसरणी कावासाकीच्या इंजिनाभोवती उतरली आणि ती चांगली विकलीही गेली. शर्यतींतही नाव झाले. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जॉन एकेरोल्ड यांनी यामाहाचे इंजिन आणि बिमोटाची चासी असलेल्या गाडीवर ३५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. तेही कोणत्याही कंपनीच्या अधिकृत संघाविना, कावासाकीच्या आंटोन मांग यांना मागे टाकून.

तांबुरिनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बिमोटातून बाहेर पडले. डुकाटी ९१६ आणि एमव्ही अगुस्ता एफ४ या त्यांच्या नंतरच्या गाड्या मोटरसायकलप्रेमींना वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. त्यांच्या जागी आलेले अभियंते फेदेरिको मार्तिनी यांनी १९८५ मध्ये डुकाटीच्या ७५० सीसी इंजिनावर डीबी१ ही इंजिन पूर्ण झाकणारी आटोपशीर गाडी काढली आणि डबघाईला आलेली कंपनी तरली. मार्तिनींच्याच काळातील अ‍ॅल्युमिनियम चासीच्या वायबी४ वर व्हर्जिनिओ फेरारी यांनी १९८७ चे टीटी फॉर्म्युला वन या मोटरसायकल स्पर्धेचे विजेतेपद घेतले. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या, बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेतील अगदी पहिली शर्यत डोनिंग्टनला दाविदे तारदोझ्झी यांनी बिमोटावरच जिंकली. त्या हंगामात सर्वाधिक शर्यती जिंकूनही ते तिसरे राहिले.

पण याच सुमारास कंपनीच्या पायाखालची जमीन सरकत होती. सुझुकी जीएसएक्स-आर७५० आणि यामाहाच्या एफझेडआर मालिकेने कारखान्यातूनच कडक अ‍ॅल्युमिनियम चासी द्यायला सुरुवात केली. जपानी इंजिनाला चांगली चासी मिळवून देणे एवढ्यावर आता कित्येक पटींनी जास्त किंमत मागता येणार नव्हती.

यावर बिमोटाने दिलेले सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे तेसी. पिएरलुइजी मार्कोनी यांनी विद्यापीठातील प्रबंधासाठी मांडलेली कल्पना १९९० मध्ये तेसी १डी या नावाने, डुकाटीच्या इंजिनासह विक्रीला आली. नेहमीच्या गाडीत पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारी दांड्यांची जोडी, दोन कामे एकदम करतो, गाडी वळवणे आणि धक्के पचवणे. ब्रेक दाबला की फोर्क दबतो, नाक खाली जाते आणि वळणाची भूमिती बदलते. तेसीमध्ये पुढेही स्विंगआर्म आहे, चाक आपल्या मधल्या भागाच्या (हबच्या) आतल्या खुंटीवर वळते आणि हँडलची हालचाल दांड्यांच्या साखळीने तिथवर पोहोचते. ब्रेकचा जोर सरळ चासीत जातो, त्यामुळे नाक खाली जाणे फार कमी होते. अडचण अशी की इतक्या सांध्यांत किंचित जरी ढिलाई आली तरी रस्त्याची जाणीव हातापर्यंत नीट येत नाही. तेसी महाग होती, देखभालीला किचकट होती. तरीही मोटरसायकलचा पुढचा भाग मुळापासून नव्याने विचारात घेणाऱ्या, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्या इतक्या थोड्या आहेत की तेसीचे स्थान मोठेच मानायला हवे.

दुसरे उत्तर अंगाशी आले. १९९७ च्या ५०० व्ही-ड्यू मध्ये बिमोटाने पहिल्यांदा स्वतःचे इंजिन घातले. ते दोन सिलिंडरांचे, ५०० सीसीचे टू-स्ट्रोक होते. टू-स्ट्रोकमध्ये थोडे कच्चे इंधन न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते, म्हणून प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारून हा दोष घालवायचा, असा बेत होता. कल्पना उत्तम होती. रस्त्यावर मात्र गाडी एकसारखी ताकद देईना, मध्येच अडखळे, मध्येच उसळे. विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. वर्षाला काही शे गाड्या बनवणाऱ्या कंपनीला हा खर्च पेलणारा नव्हता. २००० मध्ये अँथनी गोबर्ट यांनी फिलिप आयलंडच्या ओल्या ट्रॅकवर एसबी८ हाकत सुपरबाइक शर्यत जिंकली, पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती आणि कंपनी दिवाळखोरीत गेली.

२००३ मध्ये रोबेर्तो कोमिनी यांनी ती विकत घेतली. डीबी५ पासून पुन्हा डुकाटीच्या इंजिनांवर गाड्या निघू लागल्या. पुढे मालकी आणखी बदलली, मधल्या काही वर्षांत काम जवळजवळ थंडावले.

२०१९ मध्ये कावासाकीने ४९.९ टक्के हिस्सा घेतला आणि मिलानच्या प्रदर्शनात तेसी एच२ मांडली. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेले ९९८ सीसीचे कावासाकी इंजिन आणि मार्कोनींच्या कल्पनेची पुढची बाजू, असा हा मेळ. त्यानंतर केबी४ आली. २०२५ पासून कावासाकीचा सुपरबाइक संघ बिमोटाच्या नावाने उतरतो. अ‍ॅलेक्स लोव्ज आणि अ‍ॅक्सेल बास्सानी यांच्याकडे दिलेल्या केबी९९८ मध्ये इंजिन कावासाकीचे आहे आणि चासी रिमिनीची.